सातपुड्यातला विषाणू वेगळा असेलही, मग?

रक्तदान शिबिरात कुणाचं तरी रक्त हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह निघतं, गरोदर बाईच्या तपासणीत ‘पांढरी कावीळ’ सापडते, चाळिशीतला धडधाकट गडी लिव्हरच्या कॅन्सरनं दोन-चार महिन्यांत जातो, आणि धुळे-नंदुरबार-जळगावकडे तोच वाद पुन्हा सुरू होतो. एक बाजू म्हणते, ‘आमना भागनी कावीय येगळी शे.’ विषाणूचे प्रकार प्रदेशागणिक बदलतात हे विज्ञानच सांगतं, मग परदेशातल्या प्रकारावर बेतलेली लस इथल्या बाळांना टोचून काय उपयोग? आधी इथला जीनोटाइप, म्हणजे विषाणूचा जनुकीय प्रकार, शोधा, मग लसीचं बोला. दुसरी बाजू हात झटकते. जीनोटाइप ही पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांची चैन आहे, लस सरकारी कार्यक्रमात आलेली आहे, विषय संपला. या दोघांच्या मधून एक तिसरा सूर दबक्या आवाजात निघतो आणि तो सगळ्यांत घातक आहे: हा रोग वरच्या डोंगरातला, अक्कलकुवा-धडगावकडच्या लोकांचा, त्यांच्या रक्तातलाच. तिन्ही म्हणणी ऐकून ऐकून वाटतं, आपण वादाला नको तिथून तोंड फोडलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जीनोटाइप ही खरी गोष्ट आहे, महत्त्वाची आहे आणि तिचा अभ्यास खानदेशात व्हायलाच हवा. पण एखादा माणूस या विषाणूचा आयुष्यभराचा रुग्ण होणार की सहा महिन्यांत मोकळा होणार, हे मुख्यतः जीनोटाइपवर ठरत नाही. विषाणू कोणत्या वयात शरीरात शिरला, यावर ते ठरतं. म्हणून जन्मानंतरच्या चोवीस तासांतली लस आणि सुईची शिस्त या दोन गोष्टी जीनोटाइपच्या उत्तरासाठी एक दिवसही थांबवता येणार नाहीत. आणि जीनोटाइपचा उपयोग कुठल्याही समाजावर शिक्का मारण्यासाठी तर मुळीच करता येणार नाही.

पहिल्या बाजूचं म्हणणं आधी पुरतं ऐकून घेऊ, कारण त्यात दम आहे. हेपॅटायटिस बीच्या विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर जेमतेम ३२०० अक्षरांचा. दोन विषाणूंच्या या मजकुरात आठ टक्के किंवा त्याहून जास्त फरक असला, की ते वेगवेगळे जीनोटाइप धरले जातात. १९८८ साली जपानी संशोधकांनी ए ते डी असे चार गट मांडले, आज ए ते जे असे दहा मोजतात. पूर्व आणि आग्नेय आशियात बी आणि सी, पश्चिम आफ्रिकेत ई, मध्य आणि दक्षिण अमेरिकेत एफ आणि एच, तर भूमध्य सागराच्या काठापासून इराण-पाकिस्तानमार्गे थेट आपल्यापर्यंत डी. भारतात बहुतेक ठिकाणी डीचा वरचष्मा, जोडीला ए, आणि पूर्वेकडे व ईशान्येकडे सी. या गटांच्या वागण्यातही फरक आहे. सी असलेल्यांत लिव्हर कॅन्सरचा धोका बीपेक्षा जास्त दिसतो. दक्षिण आफ्रिकेत ए गटाच्या एका उपप्रकारासोबत ऐन तारुण्यातले कॅन्सर दिसतात, अलास्कात तेच एफबाबत दिसलं. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांना ए बऱ्यापैकी दाद देतो, डी फारशी देत नाही. तेव्हा ‘सगळीकडचा हेपॅटायटिस बी एकच’ असं म्हणणारा माणूस चूक आहे, आणि ‘आमच्याकडे कोणता आहे ते शोधा’ असं म्हणणारा रास्त मागणी करतो आहे.

याहून भक्कम एक मुद्दा आहे. आपल्याकडच्या वादात तो कुणी मांडताना दिसत नाही, म्हणून मीच मांडतो. विषाणू जोमात वाढत असताना रक्तात ‘ई-अँटीजेन’ नावाचं प्रथिन सापडतं. ज्या आईच्या रक्तात ते असतं, तिच्याकडून बाळाला लागण होण्याची शक्यता कुठलंही संरक्षण न दिल्यास ७० ते ९० टक्के. अलास्कातल्या मूळनिवासी समाजांत पाच वेगवेगळे जीनोटाइप एकत्र नांदतात, त्यामुळे तिथे तुलना नीट करता आली. सी असलेल्यांपैकी निम्म्यांच्या रक्तातून हे ई-अँटीजेन जायला वयाची ४७-४८ वर्षं उजाडली. ए, बी, डी आणि एफ असलेल्यांत तेच विशीच्या आत घडलं. म्हणजे सी असलेली बाई ऐन बाळंतपणाच्या वयात विषाणूनं भरलेली असते, तर डी असलेली बहुतेकदा त्या टप्प्यातून बाहेर पडलेली. म्हणूनच पूर्व आशियात हा रोग प्रामुख्यानं आईकडून बाळाकडे जात राहिला. आपल्याकडे मात्र लहानपणी घरातल्या घरात, भावंडांत, खेळताना झालेल्या जखमांतून, न उकळलेल्या सुयांतून झालेली लागण मोठी मानली जाते. यावरून कुणी म्हणेल: मग चीन-तैवानचा जन्मडोस, म्हणजे जन्मल्याबरोबरची लस, आपल्याला कशाला? आपला जीनोटाइप वेगळा, आपली वाट वेगळी. दीड महिन्यापासूनचे डोस पुरेत.

हा आक्षेप मी हलका मानत नाही. भारतात जन्मडोसला विरोध करणाऱ्या जाणत्या डॉक्टरांनीही याच धर्तीचे प्रश्न उपस्थित केले आहेत. तरीही तो टिकत नाही, आणि का टिकत नाही याचं उत्तर त्याच जीनोटाइपमध्ये आहे. डी गटाच्या विषाणूत एक ठरावीक बदल सहज होतो. त्यामुळे ई-अँटीजेन बनणं थांबतं, पण विषाणू बनणं थांबत नाही. ए गटाच्या रचनेमुळे त्याला हा बदल सहसा करता येत नाही, डीला तो हातचा आहे. म्हणजे आपल्याकडच्या बाईचा ई-अँटीजेनचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून ती निर्धोक ठरत नाही. विषाणू किती आहे ते वेगळं मोजावं लागतं. शिवाय ई-निगेटिव्ह आयांच्या बाळांतही दहातल्या एकाला किंवा त्याहून जास्त बाळांना लागण होते. अशाच काही बाळांना दोन-चार महिन्यांची असताना यकृत अचानक निकामी करणारी तीव्र कावीळ झाल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. दीड महिन्याचा डोस त्यांच्यासाठी फार उशिरा येतो. आणि लागण आईकडून होवो की घरातल्या भावंडाकडून, घर तेच आहे, बाळ पहिल्या दिवसापासून त्याच घरात असतं. चोवीस तासांतली सुई दोन्ही वाटा एकदमच अडवते. मग जीनोटाइप डी निघाला काय किंवा ए निघाला काय, त्या सुईबाबतचा निर्णय बदलतो कुठे?

आता वयाकडे येऊ. सगळा वाद इथे सुटतो. जन्मताना लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के कायमचे रुग्ण होतात. एक ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण तीसेक टक्क्यांवर येतं. निरोगी प्रौढांत ते पाच टक्क्यांच्याही खाली जातं. या फरकाचा सगळ्यांत मोठा पुरावा एका दुर्घटनेतून मिळाला. १९४२ साली अमेरिकेच्या सैनिकांना पीतज्वराची लस टोचली गेली. ती टिकवण्यासाठी तिच्यात मानवी रक्तद्रव मिसळला होता आणि त्यातल्या काहीत हेपॅटायटिस बी होता. सुमारे ५० हजार सैनिक कावीळ होऊन दवाखान्यात दाखल झाले, आणि एकूण लागण तीन लाखांहून जास्त सैनिकांना झाली असा अंदाज पुढे निघाला. चाळीसेक वर्षांनी त्यांतल्या काहींचं रक्त पुन्हा तपासलं, तेव्हा कायमचा वाहक झालेला माणूस शोधावा लागला, शेकडा अर्धासुद्धा नव्हता. हीच लागण तीन लाख नवजात बाळांना झाली असती, तर पावणेतीन लाखांच्या आसपास मुलं आयुष्यभर विषाणू बाळगत मोठी झाली असती. विषाणू तोच, वय वेगळं. याच्यापुढे ए की डी हा प्रश्न किती लहान होतो?

आपल्या गावांतली एक समजूतही याच आकड्यांमुळे टिकून आहे. कावीळ झाली की डोक्यावर माळ घालतात. ती सुकता सुकता लांबत जाते, गळ्यात येते, छातीवर उतरते, आणि तोवर डोळ्यांचा पिवळेपणाही उतरतो. पाण्यातून होणारी कावीळ बहुधा आपोआप बरी होते, आणि प्रौढ वयात झालेली हेपॅटायटिस बी सुद्धा शंभरातल्या पंच्याण्णव जणांत शरीरच परतवून लावतं. श्रेय माळेला जातं. पण ज्या बाळाला जन्मताना लागण झाली, त्याचे डोळे कधी पिवळेच होत नाहीत. त्याच्यासाठी माळ आणायचं कुणाला सुचणार? ते खेळतं, शाळेत जातं, कापूस वेचायला जातं, लग्न करतं, आणि पस्तिशी-चाळिशीत पोटात पाणी होऊन शहाद्याच्या किंवा धुळ्याच्या दवाखान्यात पोचतं. घरचे सांगतात, ‘याला तर कधी कावीळसुद्धा झाली नव्हती.’

आता लसीबद्दलची शंका. परदेशी प्रकारावर बेतलेली लस इथे चालेल का? प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर चाळीस वर्षांपासून उपलब्ध आहे. बहुतेक लसींतलं प्रथिन ए गटाच्या एका उपप्रकाराचं आहे, म्हणजे मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या विषाणूचं. तीच लस बी आणि सीच्या प्रदेशात, ईच्या प्रदेशात आणि अलास्कासारख्या पंचमिसळ प्रदेशातही वापरली गेली. तैवाननं १९८४ मध्ये बाधित आयांच्या बाळांपासून सुरुवात केली आणि १९८६ पासून प्रत्येक नवजाताला लस दिली. तिथल्या मुलांमधलं बाधितांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं, ते पुढे एकाच्या खाली आलं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमधला लिव्हर कॅन्सर लाखामागे वर्षाला ०.७० वरून १९९० ते १९९४ या काळात ०.३६ वर उतरला. लसीनं कॅन्सर टळतो हे जगानं पहिल्यांदा पाहिलं ते इथे. पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियात, जिथे ईचा वरचष्मा, १९८६ पासूनचा अनुभव हेच सांगतो. कारण साधं आहे. विषाणूच्या आवरणावरचा जो भाग आपलं शरीर ओळखतं, तो सगळ्या जीनोटाइपांत जवळपास सारखा आहे. लसीला चकवणारे बदलही होतात हे मान्य. १९९० साली इटलीतल्या एका लसवंत बाळात असा विषाणू सापडला आणि तज्ज्ञांना धास्ती वाटली. पण त्यानंतरच्या इतक्या वर्षांत असल्या विषाणूनं कुठल्याही देशाचा लस कार्यक्रम उलथवलेला नाही. गोळ्यांचंही तसंच आहे. टेनोफोविर आणि एन्टेकॅविर जीनोटाइप पाहून काम करत नाहीत, सगळ्यांवर चालतात. त्या विषाणूला दाबून ठेवतात, पेशीच्या केंद्रकात दडलेला त्याचा मूळ साठा सहसा पुसत नाहीत. म्हणून गोळी मनानं बंद करायची नसते.

तिसऱ्या सुराबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण त्याचा त्रास खऱ्या माणसांना होतो. ‘त्यांच्या रक्तातच आहे’ हे वाक्य नवं नाही. या विषाणूचा शोधच त्या वाक्यापासून सुरू झाला होता. अमेरिकन संशोधक बारुक ब्लुमबर्ग माणसांच्या रक्तातले अनुवंशिक फरक शोधत जगभरचे नमुने गोळा करत होते. ऑस्ट्रेलियाच्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडलं, १९६५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आपल्याकडचे जुने डॉक्टर अजूनही ‘ऑस्ट्रेलिया अँटीजेन’ म्हणतात ते यामुळे. काही समाजांत ते जास्त, काहींत कमी, आणि एकाच कुटुंबात अनेकांना. ब्लुमबर्ग यांना वाटलं, हा आईबापांकडून येणारा वंशाचा गुण असावा. मग ज्याच्या रक्तात ते आधी नव्हतं अशा एका रुग्णाच्या रक्तात ते नंतर आलं. त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ बाईंना कावीळ झाली आणि त्यांच्याही रक्तात ते दिसलं. वंशाचा गुण असा उगवत नाही. तो संसर्ग होता. ब्लुमबर्ग यांनी आपलं गृहीत सोडून दिलं, आणि त्या मार्गानं पुढे लस आली, १९७६ चं नोबेलही आलं. ज्यांनी शोध लावला त्यांनी जी कल्पना साठच्या दशकातच टाकून दिली, ती आपण आज एखाद्या भिल्ल किंवा पावरा कुटुंबाच्या माथी का मारायची?

आदिवासी समाजांत प्रमाण जास्त असल्याचे आकडे दाखवले जातात. त्यांतले फार मोठे आकडे अंदमान-निकोबारच्या जारवांसारख्या अगदी छोट्या आणि जगापासून तुटलेल्या समूहांचे आहेत. ते उचलून ‘आदिवासी’ या एका शब्दाखाली सातपुड्यावर लावणं म्हणजे मद्रासचा पाऊस मोजून साक्रीची पेरणी ठरवण्यासारखं आहे. आणि जीनोटाइपचे नकाशे तरी कुठे कायमचे असतात? २०१८ साली युरोप-आशियातल्या जुन्या सांगाड्यांच्या दातांतून आणि हाडांतून या विषाणूचा डीएनए काढला गेला, काही नमुने सात हजार वर्षांपूर्वीचे. त्यात आज नामशेष झालेले प्रकार सापडले, आणि आजच्या नकाशात जिथे नाहीत तिथेही काही प्रकार सापडले. माणसं हलली की विषाणू हलला. आपला खानदेश तर तापीच्या खोऱ्यातला जुना रस्ता आहे. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारे व्यापारी इथून गेले, आज ऊसतोडीला आणि गुजरातच्या शेतांवर-कारखान्यांत मजूर इथूनच जातात, भुसावळला अर्ध्या देशाच्या गाड्या थांबतात. इथे उद्या ए आणि डी दोन्ही सापडले, तर ती या वाटांची नोंद असेल. कुणाच्या जातीची नव्हे.

जीनोटाइपच्या मागे कित्येकदा सुई असते, हे तर हेपॅटायटिसच्या इतिहासानं पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. सख्खा नसला तरी सारख्याच वाटेनं पसरणारा दुसरा विषाणू, हेपॅटायटिस सी, इजिप्तमध्ये प्रचंड फोफावला आणि तिथे त्याचा चौथा जीनोटाइप भरभरून सापडायचा. नाईलकाठच्या लोकांच्या रक्तात काही वेगळं होतं का? १९५० पासून ८० च्या सुरुवातीपर्यंत तिथे बिल्हार्झिया या जंतरोगावर सरकारी मोहिमेत शिरेतून इंजेक्शनं दिली गेली, आणि काचेच्या त्याच त्या सिरिंज नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरल्या गेल्या. रोगमुक्तीची मोहीमच दुसऱ्या रोगाची वाट झाली. आपल्या शेजारचं उदाहरण तर ताजं आहे. २००९ च्या सुरुवातीला गुजरातेत, तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात हेपॅटायटिस बीची साथ आली. डझनावारी माणसं गेली, आणि तीही प्रौढ, ज्यांनी खरं तर बरं व्हायला हवं होतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तपास केला, तेव्हा दोन गोष्टी एकत्र आढळल्या: विषाणूतले घातक बदल, आणि नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंज. विषाणूची जात महत्त्वाची होती, हे इथेही मान्य करावं लागतं, त्यामुळेच मृत्यू इतके झाले. पण तो विषाणू घराघरांत पोचवला कुणी? सुईनं. सुई स्वच्छ असती, तर त्या विषाणूतले बदल कुणाला कळलेही नसते.

आणि सुईचा मोह आपल्याकडे कमी आहे का? ताप आला की ‘एक सुई मारा’, अशक्तपणा वाटला की ‘एक सलाईन लावा’, हे आपणच मागतो. ज्याच्याकडे पदवी नाही तोही बाजाराच्या दिवशी टेबल मांडून ती देतो, आणि सुई नवी असली तरी औषधाच्या बाटलीत जुनी सुई बुडालेली असू शकते, हे पाहायला कुणाला सवड नसते. यात्रेतलं गोंदण तसंच. मशीन एक, सुई तीच, शाईची वाटी तीच, आणि रांगेत पंधरा पोरं-पोरी. हा विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. गोंदणाऱ्याला त्याचा धंदा बंद करा म्हणणं चूक आहे, त्याला प्रत्येकासाठी नवी सुई आणि शाईचं वेगळं झाकण द्यायला शिकवणं, आणि पंचायतीनं ते यात्रेच्या परवानगीत घालणं शक्य आहे.

प्रदेशाला महत्त्व नाही असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कुणी काढू नये. महत्त्व आहेच, फक्त ते वेगळ्या जागी आहे. १९७४ च्या अखेरीला राजस्थानातलं बांसवाडा आणि त्याला लागून असलेला गुजरातचा पंचमहाल या भिल्ल वस्तीच्या भागात काविळीची साथ उसळली. चारशेच्या आसपास लोक आजारी पडले, शंभरावर मेले. कारण निघालं अवेळी पावसात भिजून बुरशी धरलेला मका, आणि त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष. हेच विष हेपॅटायटिस बीच्या जोडीला आलं, की लिव्हर कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे नंतर चीनमधल्या अभ्यासात दिसलं. सातपुड्यात मका हे रोजचं खाणं आहे, खाली तापीकाठी भुईमूग आहे, आणि दोन्हींवर ही बुरशी येते. बाधित माणसाच्या घरातला मका कोरडा कसा राहील, हा त्याच्या जीनोटाइपइतकाच, माझ्या मते त्याहून जास्त, वैद्यकीय प्रश्न आहे. दारू हाही. डोंगरातून झोळीत घालून खाली आणावं लागणारं बाळंतपण हाही.

आता दुसऱ्या बाजूला विचारतो: लस कार्यक्रमात आली म्हणजे बाळाच्या मांडीत गेली का? ऊसतोडीहून परतलेल्या एका कुटुंबाचं माता-बाल संरक्षण कार्ड मी हातात घेऊन पाहिलं आहे. रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं, घड्यांवर फाटलेलं. बाळंतपण दवाखान्यातलं, शनिवारी रात्रीचं. बीसीजीपुढे तारीख होती, ती मंगळवारची. पोलिओच्या शून्य डोसपुढेही तीच. हेपॅटायटिस बीच्या जन्मडोसपुढे काहीच नव्हतं. पुढची नोंद थेट अडीच महिन्यांनी, पेंटाव्हॅलंटची, म्हणजे हेपॅटायटिस बीसह पाच रोगांवरच्या एकत्र लसीची. कारण विचारलं तर कळलं की बाटली दहा डोसांची असते, एका बाळासाठी फोडली तर नऊ वाया जातील असं वाटलं, आणि रविवारी फ्रीजची किल्ली असलेलं माणूस नव्हतं. मंगळवारी बाकीच्या लसी झाल्या, पण चोवीस तास उलटून गेले होते. यात कुणी एक माणूस दोषी नाही आणि म्हणूनच हे सुधारता येण्यासारखं आहे. फोडलेली बाटली नियमाप्रमाणे थंड ठेवली, गोठू दिली नाही, तिच्यावरची उष्णता दाखवणारी खूण ठीक असली, तर चार आठवड्यांपर्यंत वापरता येते, असं सरकारचंच धोरण आहे. ते प्रसूतिगृहातल्या रात्रपाळीच्या सिस्टरपर्यंत पोचलेलं नसेल, तर ‘कार्यक्रमात लस आहे’ या वाक्याला अर्थ काय उरतो? आणि नर्मदाकाठच्या ज्या गावांना दवाखाना बोटीनं जातो, तिथे घरी जन्मलेल्या बाळाचं काय?

शिवाय मोठ्यांचं काय? देशभर ही लस २०११ मध्ये पोचली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९२ मध्ये सगळ्या देशांना ती राष्ट्रीय कार्यक्रमात घ्यायला सांगितलं होतं, मुदत होती १९९७ ची. हैदराबादच्या कंपनीनं १९९७ मध्येच देशी लस बाजारात आणून किंमत खाली आणली. तरी मध्ये चौदा वर्षं गेली. त्या काळातही वाद याच स्वरूपाचा होता: आपल्याकडे नेमकं प्रमाण किती, दोन टक्के की चार, आधी ते ठरू द्या. आकडे नेमके हवेत हे खरंच होतं. पण आकडा दोन निघाला असता तरी लस द्यायची होती आणि चार निघाला असता तरी द्यायचीच होती. त्या चौदा वर्षांत जन्मलेली मुलं आज बाळंतपणाच्या वयात आहेत. २०२२ साठीचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज पाहिला तर भारतात दीर्घकालीन हेपॅटायटिस बी असलेले २ कोटी ९८ लाख लोक आहेत, जगाच्या २५ कोटी ४० लाखांपैकी. बहुतेकांना ते माहीत नाही. ज्यांना कळतं त्यांना लग्न मोडण्याची, नोकरी जाण्याची, ऑपरेशनला टाळाटाळ होण्याची भीती असते, म्हणून तेही रिपोर्ट कपाटात ठेवतात. एकत्र जेवल्यानं, एका ताटातून खाल्ल्यानं, मिठी मारल्यानं, बाळाला अंगावर पाजल्यानं हा रोग पसरत नाही. हे आशाताईंनी सांगायचं, तसंच ते गावच्या डॉक्टरनं, शिक्षकानं आणि लग्न जमवणाऱ्यानंही सांगायला हवं.

उपचार आज हाताच्या अंतरावर आहेत. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. २०२४ मध्ये जागतिक संघटनेनं नियम आणखी सैल केले. जास्त रुग्णांना लवकर गोळी सुरू करता येते, आणि जिथे विषाणू मोजायची किंवा ई-अँटीजेन तपासायची सोय नाही तिथे बाधित गरोदर बाईला बाळाच्या संरक्षणासाठी टेनोफोविर देण्याची मुभा दिली. लक्षात घ्या, या नियमांत कुठेही ‘आधी जीनोटाइप काढा’ अशी अट नाही.

तरीही जीनोटाइप काढावा, असंच मी म्हणतो. धुळे आणि जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, नंदुरबारलाही झालं आहे, विषाणू संस्था पुण्यात आहे. रक्तपेढ्यांत आणि प्रसूतिपूर्व तपासणीत पॉझिटिव्ह निघालेल्यांचे नमुने त्यांच्या संमतीनं, जात-जमातीचा रकाना न ठेवता, दरवर्षी पाठवता येतील. त्यात तीन गोष्टी पाहाव्यात: गट कोणता, ई-अँटीजेन थांबवणारा तो बदल किती जणांत आहे, आणि लसीला चकवणारे बदल कुठे डोकावतात का. पहिल्यानं इथल्या डॉक्टरांना इंटरफेरॉनच्या नादी कुणाला लावायचं ते कळेल. दुसऱ्यानं ई-निगेटिव्ह गरोदर बाईला ‘काही नाही, चिंता नको’ म्हणून घरी पाठवणं थांबेल. तिसऱ्यानं लसीच्या शंकेला इथल्याच पुराव्यानं उत्तर मिळेल. ही मागणी घेऊन जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीकडे जाणाऱ्यांसोबत मी येईन. पण त्याच अर्जात दुसरी मागणीही असेल, आणि ती आधी लिहिलेली असेल: जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रसूतिगृहात, सरकारी असो की खासगी, हेपॅटायटिस बीचा जन्मडोस चोवीस तासांत किती बाळांना मिळाला याचा आकडा दर महिन्याला तालुकावार फलकावर लावा, आणि त्यात रविवारी जन्मलेली बाळं वेगळी दाखवा.